प्रो रेसलिंग: मैदानातला खेळ की तंबूतला खेळ?

(फोरमवरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शंकासुर

प्रो रेसलिंगबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक, "सगळं खोटं, ठरवून चाललेलं नाटक." दुसरा, "एकदा त्या रिंगमध्ये पाठीवर पडून दाखव, मग खोटं म्हण." दोघांचंही थोडंथोडं पटतं, आणि तिथेच घोळ होतो.

निकाल आधी ठरलेला असतो हे मान्य करूनच विचारतो. बाकीचं किती ठरलेलं असतं? फटके लागतात की नाही? रिंगखाली स्प्रिंगा असतात, वर गादी असते, हे कितपत खरं? जिम्नॅस्टिक्समध्येही सगळ्या उड्या आधीच बसवलेल्या असतात, तरी तो ऑलिंपिकमधला खेळ, मग प्रो रेसलिंगनेच काय घोडं मारलंय? आणि जिंकणारा आधीच ठरलाय तर त्या चॅम्पियनच्या बेल्टला अर्थ काय?

"एन्जॉय करा ना राव, कशाला कीस पाडता" हे उत्तर नको. कीसच पाडायचा आहे.

तिसरा दोर

रिंगपासून सुरू करतो, कारण "गादी असते" हा समज तिथूनच निघतो.

चार पोलादी खांब, त्यांना जोडणारे बीम, बीमवर लाकडी फळ्या, फळ्यांवर साधारण इंचभर जाडीचा फोम आणि त्यावर ताणून बांधलेलं कॅनव्हास. झाली रिंग. डब्ल्यूडब्ल्यूईची (प्रो रेसलिंगची सगळ्यात मोठी अमेरिकन कंपनी) २० बाय २० फूट असते, लहान कंपन्यांच्या १६ किंवा १८ फुटी. काही रिंगांत मधोमध स्प्रिंग असते हे खरं, पण ती माणसाला वर उडवायला नसते. फळ्या जराशा लवाव्यात आणि धक्का एकाच जागी बसू नये, एवढंच तिचं काम. खाली सगळी पोकळी, म्हणून ढोलासारखा आवाज घुमतो. मार जेवढा असतो त्यापेक्षा मोठा ऐकू येतो, पण असतो. ऑलिंपिक कुस्तीची मॅट सलग फोमची असते, तिच्या मानाने ही रिंग चांगलीच कडक.

दोर तीन. डब्ल्यूडब्ल्यूई खरा दोर वापरते, वरून टेप गुंडाळलेली. बऱ्याच ठिकाणी स्टीलच्या केबलवर रबरी नळी चढवतात आणि ती जास्त लागते. नवशिक्याच्या पाठीवर आणि काखेखाली पहिल्या आठवड्यातच निळे-काळे वळ उठतात. दोरावर आदळताना रेसलर एका हाताने वरचा दोर धरतो. ती ऐट वाटते, पण दोर तुटला किंवा टर्नबकलचा (दोर खांबाला ताणून धरणारा सांधा) हुक निसटला तर सरळ बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून ती सवय लावलेली असते.

आता पडणं. त्याला 'बंप' म्हणतात आणि शिकवणी तिथूनच सुरू होते. आधी उकिडवं बसून मागे पडायचं, मग अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून, आणि हे अंगवळणी पडल्यावरच दुसऱ्या कुणी उचलून टाकायचं. हनुवटी छातीला चिकटलेली. पाठीचा वरचा रुंद भाग आणि दोन्ही हात एकाच क्षणी टेकले पाहिजेत, हात शरीरापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली. पडताना श्वास सोडायचा. धरून ठेवला तर छाती दाबली जाऊन काही सेकंद श्वासच लागत नाही.

चुकाही ठरलेल्याच. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं आणि कन्कशन, म्हणजे मेंदूला मार. घाबरून हात मागे टेकला की मनगट किंवा कोपर गेलं. ढुंगण आधी टेकलं की माकडहाड. आणि सगळं बरोबर केलं तरी धक्का कुठेतरी जातोच. तो मणक्यात आणि कमरेत साठत राहतो.

उचलून टाकण्याचे डाव बघा. बॉडी स्लॅममध्ये उचलला जाणारा स्वतः उडी मारतो आणि उचलणाऱ्याच्या मांडीवर हात रोवून आपलं बरंचसं वजन आपणच पेलतो. सुप्लेक्समध्ये (समोरच्याला उचलून स्वतः मागे पडत टाकणं) दोघांची उडी एका तालात लागते. ताल चुकला की वर गेलेला माणूस अर्ध्यातच कोसळतो, तोही मानेवर. १२० किलोच्या माणसाला, त्याच्या मनात नसताना, उलटा करून हवेत काही सेकंद उभा धरता येत नाही. कुस्तीत समोरच्याचं वजन तुमच्या विरोधात असतं, इथे तो ते तुमच्या हवाली करतो.

आणखी एक खूण. अमेरिकन पद्धतीत हेडलॉक (डोक्याभोवती हाताचा विळखा), हात पिरगळणं वगैरे शरीराच्या डाव्या बाजूवर करतात, मेक्सिकोच्या लुचा लिब्रेमध्ये, म्हणजे तिथल्या प्रो रेसलिंगमध्ये, उजव्या. कधीही न भेटलेले दोघं समोरासमोर आले तरी पाय पायात अडकू नयेत, म्हणून हा संकेत. खऱ्या झुंजीत असला संकेत पाळणारा पहिल्याच मिनिटात चितपट होईल.

फटक्यांचं म्हणाल तर मिश्र आहे. ठोशात मूठ सैल असते, हात चेहऱ्याला लागता लागता थांबतो आणि आवाज पाय आपटून काढतात. छातीवरचे चॉप मात्र खरेच, कारण उघड्या छातीवर उघड्या हाताचा तो आवाज दुसऱ्या कशाने येत नाही. घडीची खुर्ची मारायची ती बैठकीच्या सपाट बाजूने आणि सपाट पाठीवर. कड लागली की कातडी फाटते. डोक्यात खुर्ची मारणं डब्ल्यूडब्ल्यूईने २०१० मध्ये बंद केलं. कवटी सपाट नसते आणि आतला मेंदू हनुवटी टेकवून वाचत नाही.

एक-दोन-अडीच

"किती ठरलेलं" यावर.

शेवट ठरलेला, म्हणजे 'फिनिश'. वेळ ठरलेली. मधले दोन-चार मोठे प्रसंग ठरलेले, त्यांना 'स्पॉट' म्हणतात. बाकीचं बरंचसं रिंगमध्येच एकमेकांना सांगत चालतं. हेडलॉक उगाच लांबला आणि वरच्याचं तोंड खालच्याच्या केसांत गेलं की समजा, पुढचं ठरतंय. टीव्हीवरच्या मॅचमध्ये रेफरीच्या कानात इअरपीस असतो. "तीन मिनिटं उरली", "आता संपवा" असले निरोप तो वाकून विचारपूस केल्यासारखं करत पोचवतो. दोघं मधेच एकमेकांचा हात हळूच दाबतात, त्याचा अर्थ "ठीक आहेस ना?" उलट दाब आला नाही तर काहीतरी बिनसलंय. आणि रेफरीने दोन्ही हात वर करून फुली केली तर दुखापत खरी, डॉक्टर बोलवा.

यात माणसामाणसाची रीत वेगळी. १९८७ च्या रेसलमेनिया ३ मधली (रेसलमेनिया हा डब्ल्यूडब्ल्यूईचा सगळ्यात मोठा वार्षिक कार्यक्रम) रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोटची मॅच सॅव्हेजने डावागणिक आधीच बसवून घेतली होती. रिक फ्लेअर नेमका उलट, पब्लिकचा अंदाज घेत रिंगमध्येच पुढचं बोलणारा. म्हणजे नाटक म्हणायचं तर संहिता पाठ असलेलं आणि उत्स्फूर्त, दोन्ही जातींचं.

मॅचचा सांगाडा बहुतेक वेळा एकच. आधी 'फेस' (चांगला) वरचढ, मग 'हील' (वाईट) काहीतरी लबाडी करून त्याला दाबतो, मधे दोनदा आशा दाखवून ती मोडतो, मग फेस उसळून येतो, मग अडीचपर्यंत मोजलेले एक-दोन पिन (खांदे टेकवून रेफरीने तीन मोजले की जिंकला), मग शेवट. उसळून यायची घाई झाली तर पब्लिक थंड, उशीर झाला तरी थंड. यातलं अवघड काम हीलचं असतं. मॅचचा वेग बहुधा त्याच्या हातात असतो, आणि त्याला लोकांनी शिव्या द्याव्यात असं वागायचं असतं.

शड्डू

जिम्नॅस्टिक्सच्या तुलनेत गफलत आहे. तिथे उड्या बसवलेल्या असतात, निकाल मोकळा असतो. उपकरणावरून पडलात की पूर्ण १ गुण गेला, मग तुम्ही गेल्या वेळचे सुवर्णविजेते का असेनात. प्रो रेसलर पाय घसरून तोंडावर आपटला तरी जिंकायचा तोच जिंकतो. त्यामुळे "दुखतं का" ही कसोटी निरुपयोगी. स्टंटमनलाही दुखतं. "बसवलंय का" हीसुद्धा चालत नाही. मी एकच प्रश्न विचारतो: कुणालाच नको असलेला निकाल इथे लागू शकतो का?

ब्रॉक लेस्नरचं उदाहरण घ्या. माणूस तोच, ताकद तीच. २००० मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा, म्हणजे एनसीएएचा, हेवीवेट विजेता. मग डब्ल्यूडब्ल्यूईचा चॅम्पियन. मग फेब्रुवारी २००८ मध्ये यूएफसीत, म्हणजे खऱ्या मिश्र झुंजींच्या स्पर्धेत, आला आणि पहिल्याच लढतीत फ्रँक मीरने गुडघ्याचा लॉक लावून त्याला दीड मिनिटात शरण आणलं. एवढा गाजावाजा करून आणलेला माणूस दीड मिनिटात हरावा, असं कुठला आयोजक लिहील? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने रँडी कूट्यूरला हरवून बेल्ट घेतला, तेही कुणी लिहिलेलं नव्हतं.

पुढचं जास्त बोलकं आहे. जुलै २०१६ मध्ये तो यूएफसी २०० मध्ये मार्क हंटशी लढला आणि जिंकला. उत्तेजक चाचणीत सापडला. विजय रद्द, एक वर्षाची बंदी, २,५०,००० डॉलर दंड. डब्ल्यूडब्ल्यूईत त्याच ऑगस्टमध्ये तो समरस्लॅमला (कंपनीचा दरवर्षीचा मोठा कार्यक्रम) रँडी ऑर्टनसमोर उतरला. कंपनीचं म्हणणं, तो पार्टटाइम, त्याला आमची चाचणी लागू नाही. त्यात आश्चर्य नाही. जिथे कुणाचा विजय हिरावला जात नाही तिथे फसवणूक कुणाची झाली? उत्तेजकं तिथे आरोग्याचा प्रश्न असतात, निकालाचा नाही.

आता बेल्ट. आज चॅम्पियन म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपतील असा माणूस, एवढंच. पण मुळात तसं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसे घेऊन होणाऱ्या कुस्त्या काही खऱ्या, काही मिलीभगत. खऱ्या असत त्या कंटाळवाण्या. गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची १९१० ची लंडनमधली कुस्ती अडीच तासांच्या वर चालली आणि बरोबरीत सुटली, कारण झिबिस्को बहुतेक वेळ मॅटला पोट चिकटवून पडून राहिला. १९१६ मध्ये ओमाहात एड 'स्ट्रँगलर' लुइस आणि जो स्टेचर सुमारे ५ तास झगडले, निकाल शून्य. तिकीट काढून हे कोण बघणार? १९२० च्या दशकात लुइस, बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाने वेळेची मर्यादा आणली, फेकाफेकी आणि उड्या आणल्या, आणि पगारी मल्लांचा संच घेऊन नाटक कंपनीसारखे दौरे सुरू केले. आजचं प्रो रेसलिंग तिथून.

पण त्यांच्या योजनेत एक भोक राहिलं. १९२५ मध्ये त्यांनी वेन मन नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूला चॅम्पियन केलं. दिसायला पहाड, कुस्ती येत नव्हती. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात त्याला जोड कोण दिला, तर हाच झिबिस्को. ठरल्याप्रमाणे झिबिस्कोने हरायचं होतं. विरोधी आयोजकांनी त्याला फितवलं होतं. त्याने मनला खरोखर दाबला, पुन्हापुन्हा, इतका की रेफरीला बेल्ट देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्यानंतर कित्येक दशकं चॅम्पियन असा शोधत की समोरचा फितूर झालाच तर त्याला खऱ्या डावांत गुंडाळता यावं. लू थेझ हा त्याचा नमुना. म्हणजे नाटकातल्या राजाला तलवार खरी यायला हवी होती, कारण प्रधान उलटण्याची भीती खरी होती!

फुटकळ वकील

शड्डूंची कसोटी तर्काला धरून आहे, पण कायदा तर्काने चालत नाही, म्हणून थोडी भर.

"आम्ही खेळ नाही" हे सगळ्यात ठासून सांगितलंय ते खुद्द कंपनीने. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (तेव्हाचं नाव) अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे मांडलं की हा प्रकार मुख्यतः प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी आहे, खरीखुरी स्पर्धा नव्हे. उपरती वगैरे काही झाली नव्हती. खेळ ठरलात की बॉक्सिंगसारखं अ‍ॅथलेटिक कमिशन मागे लागतं: परवाने, तपासण्या, कर. करमणूक ठरलात की सुटलात.

सगळीकडे तसं नाही. अमेरिकेतल्याच काही राज्यांत आजही कमिशन प्रो रेसलिंगवर देखरेख ठेवतं. मेक्सिको सिटीत बॉक्सिंग आणि लुचा यांचं एकच कमिशन आहे, आणि व्यावसायिक परवान्यासाठी मल्लाला परीक्षा द्यावी लागते. गंमत म्हणजे त्याच शहराने २०१८ मध्ये लुचा लिब्रेला सांस्कृतिक वारसा म्हणूनही जाहीर केलं. एका हाताने खेळाचा परवाना, दुसऱ्या हाताने लोककलेचा मान.

या वादात भरडला जातो तो मल्ल. डब्ल्यूडब्ल्यूईत तो कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार. खेळाडूंची संघटना नाही, आणि नटांसारखी युनियनही नाही.

शंकासुर

कीस छान पडतोय. एक राहिलं. मॅच चालू असताना खरंच कुणी जबर जखमी झालं तर ठरलेला निकाल बदलतो का? आणि दोघं इतके सहकार्य करतात तर मानेच्या दुखापती एवढ्या का?

तिसरा दोर

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच मॅचमध्ये आहे. समरस्लॅम, ३ ऑगस्ट १९९७, स्टीव्ह ऑस्टिन आणि ओवेन हार्ट.

पाइलड्रायव्हरमध्ये समोरच्याला उलटा धरून त्याचं डोकं दोन मांड्यांमध्ये घ्यायचं आणि खाली बसायचं किंवा गुडघ्यांवर उतरायचं. सगळा हिशेब दोन-तीन इंचांचा. धरलेल्याची टाळू मांड्यांच्या खालच्या रेषेच्या वर राहिली पाहिजे, म्हणजे जमिनीला टेकतात धरणाऱ्याच्या मांड्या आणि डोकं अधांतरी राहतं. गुडघ्यांवर उतरलं तर आधी गुडघे टेकतात आणि डोक्याखाली थोडी जागा राहते. बसकण मारली तर ती जागाच जाते. हार्टने बसकण मारली आणि ऑस्टिनचं डोकं खाली लोंबत होतं. दोघांचं वजन मानेवर आलं. ऑस्टिनला काही वेळ हातपाय हलवता येईनात.

निकाल? ठरल्याप्रमाणे ऑस्टिनच जिंकला. हार्ट प्रेक्षकांना चिडवत वेळ काढत राहिला, ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, त्याने मागून पाय ओढून एक दुबळा पिन केला आणि हार्ट तीन मोजेपर्यंत पडून राहिला. कुठल्याही खऱ्या लढतीत रेफरीने तिथल्या तिथे ती थांबवली असती आणि ऑस्टिन हरला असता. शड्डूंच्या कसोटीला याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. एक बारीक दुरुस्ती मात्र करतो: कुणालाच नको असलेला निकाल इथे क्वचित लागतो, पण कुणालाच नको असलेली दुखापत पुष्कळदा होते.

मानेचं कारण सहकार्यातच दडलंय. कुस्तीत तुम्हाला फेकलं तर अंग आपोआप आवळतं, हात-पाय आधार शोधतात. इथे ते आवरून शरीर दुसऱ्याच्या हाती द्यायचं शिकवलेलं असतं. त्याचा हात घामाने निसटला, पाय घसरला, तर स्वतःला वाचवायला वेळच उरत नाही. २००३ च्या रेसलमेनियात लेस्नरसमोर कर्ट अँगल होता, १९९६ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. दोघंही अस्सल कुस्तीगीर. लेस्नरने वरच्या दोरावरून पुढे झेपावत उलटी कोलांटी घेतली (शूटिंग स्टार प्रेस). अँगल कोपऱ्यापासून जरा जास्तच लांब पडला होता. कोलांटी पूर्ण झाली नाही, लेस्नर डोक्या-मानेवर आपटला, कन्कशन झालं. अंतर मोजण्यातली चूक, बाकी काही नाही. तरीही ठरलेला शेवट त्यांनी पार पाडला.

आणि साठलेल्या झिजेचा हिशेब वेगळाच. जपानचा मित्सुहारू मिसावा हजारो बंप घेतलेला, अत्यंत कसलेला माणूस. जून २००९ मध्ये हिरोशिमात एका साध्या बॅक सुप्लेक्सनंतर उठला नाही, त्याच रात्री गेला. डाव नेहमीचाच होता.

एक-दोन-अडीच

शंकासुर, पुढची मॅच बघताना डाव टाकणाऱ्याकडे बघू नका, झेलणाऱ्याकडे बघा. स्लॅमच्या आधी त्याचे गुडघे वाकतात का, हात मांडीवर जातो का, पडताना हनुवटी कुठे आहे. वरच्या दोरावरून उडी येत असेल तर खालचा उभा माणूस अर्धं पाऊल सरकून छाती पुढे काढतो, तो झेलायला. मग पडल्यावर कोण कोणाचा हात दाबतो ते शोधा. कॅमेरा नेमका तेव्हा पब्लिककडे वळवतात, त्यामुळे रिप्लेमध्ये जास्त सापडेल.